बांधाखालची वाळू

लखनौ शहरात गोमतीच्या उत्तरेला पसरलेली अलीगंज ही वस्ती तिथल्या जुन्या हनुमान मंदिरासाठी, ज्येष्ठातल्या मंगळवारी तिथे लोटणाऱ्या गर्दीसाठी आणि कपूरथळा चौकाच्या बाजारपेठेसाठी ओळखली जाते. त्याच अलीगंजच्या सेक्टर ईमधील वसुंधरा संकुलात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या उत्तर विभागाचे मुख्यालय आहे, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. हिमालयाची भूरचना आणि तिथले भूकंप हा ज्या संस्थेच्या अभ्यासाचा विषय आहे, तिची ही कचेरी स्वतः खडकावर उभी नाही. तिच्या पायाखाली वाळू, पोयटा आणि चिकणमाती यांच्या एकाआड एक थरांनी बनलेला, शेकडो मीटर जाडीचा गंगेच्या खोऱ्यातला गाळ आहे. १९६० साली गोमतीला आलेल्या महापुराने शहराचा मोठा भाग पाण्याखाली घातल्यानंतर नदीच्या दोन्ही तीरांवर मातीचे बांध घालण्यात आले. कुकरैल नाल्याच्या कडेनेही असा बांध आहे, आणि अलीगंज, डालीगंज, निशातगंज, महानगर हा सगळा गोमतीपारचा भाग पावसाळ्यात या बांधांच्याच भरवशावर असतो. पुराच्या पाण्याला हे बांध पुरे पडतील का, हा प्रश्न दर पावसाळ्यात विचारला जातो. भूकंपाच्या वेळी त्यांच्या खालची वाळू टणक राहील का, हा प्रश्न त्या मानाने क्वचितच विचारला जातो, आणि या लेखाचा विषय तोच आहे.

मातीचे धरण, पूरबांध, कालव्याचा किंवा रेल्वेचा भराव, औष्णिक वीजकेंद्राच्या राखतलावाचा बांध ही सारी मोठी मातीकामे होत. मराठी वाचकाला मातीचे धरण फुटणे म्हटले की १२ जुलै १९६१चे पानशेत आठवते: काम अपुरे असताना जलाशय भरला, विमोचकावरचा भराव खचला आणि पाणी माथ्यावरून वाहू लागून धरण कापले गेले. पाणी माथ्यावरून जाणे आणि पाण्याने भरावाच्या पोटातून वाट काढून माती वाहून नेणे हे मातीकामाच्या नाशाचे दोन परिचित मार्ग आहेत. तिसरा मार्ग वेगळ्या जातीचा आहे, कारण त्यात माती कुठेही वाहून जात नाही. ती जागेवरच काही सेकंदांपुरती मातीसारखी वागायचे थांबते आणि दाट द्रवासारखी वागू लागते. याला मातीचे द्रवीभवन म्हणतात.

हे कसे घडते ते समजण्यासाठी वाळूच्या थराची ताकद कोठून येते ते पाहावे लागते. वाळूला चिकणमातीसारखा चिकटपणा नसतो. तिची सारी ताकद कणाकणांमधील घर्षणावर अवलंबून असते आणि हे घर्षण कण एकमेकांवर किती दाबले गेले आहेत त्यावर ठरते. जमिनीखाली एखाद्या पातळीवर वरच्या मातीचे जे वजन येते त्याचा काही भाग कणांचा सांगाडा पेलतो आणि काही भाग पोकळ्यांमधले पाणी पेलते. पाण्याच्या या दाबाला रंध्रदाब म्हणतात, आणि एकूण भारातून रंध्रदाब वजा जाता जो भार कणांच्या वाट्याला उरतो त्याला परिणामी भार म्हणतात. मातीची ताकद एकूण भारावर नव्हे तर परिणामी भारावर ठरते हे तत्त्व कार्ल टेरझागी यांनी १९२०च्या दशकात मांडले, आणि आधुनिक मृदास्थापत्यशास्त्र त्यावरच उभे आहे.

पायलीत धान्य भरताना माप हलवले की धान्य खाली बसते, त्याचप्रमाणे सैल वाळूचे कणही हादऱ्यासरशी अधिक घट्ट बसू पाहतात. मात्र पोकळ्या पाण्याने पूर्ण भरलेल्या असतील तर पाणी बाहेर पडल्याखेरीज थराला आकसता येत नाही, आणि बारीक वाळूतून इतके पाणी भूकंपाच्या काही सेकंदांत बाहेर पडू शकत नाही. परिणामी कणांनी पेललेला भार प्रत्येक हेलकाव्याबरोबर थोडा थोडा पाण्याकडे सरकत जातो, रंध्रदाब चढत जातो, आणि तो वरच्या साऱ्या भाराइतका झाला की परिणामी भार शून्यावर येतो व त्याबरोबर घर्षणही नाहीसे होते. इमारती कलतात, जमिनीतल्या रिकाम्या टाक्या वर तरंगून येतात, भेगांमधून वाळूमिश्रित पाण्याचे फवारे उडतात, आणि उतारावरची माती, मग तो उतार अगदी दोनतीन अंशांचा का असेना, सरकू लागते.

प्रत्येक माती अशी वागत नाही. चिकणमातीला तिचा चिकटपणा सावरून धरतो, जाड खडीतून पाणी झटकन निघून जाते आणि घट्ट बसलेली वाळू हादऱ्याने आकसण्याऐवजी फुगू पाहते, त्यामुळे तिच्यात रंध्रदाब फारसा चढत नाही. धोका आहे तो सैल, संपृक्त, बारीक ते मध्यम वाळूत आणि चिकटपणा नसलेल्या पोयट्यात, त्यातही नदीने गेल्या काही शतकांत किंवा सहस्रकांत टाकलेल्या कोवळ्या थरांत, आणि तोही बहुतेक वेळा जमिनीपासून पंधरावीस मीटर खोलीपर्यंतच. गंगेच्या मैदानातल्या नदीकाठांचे वर्णन करायचे झाले तर याहून वेगळे शब्द वापरावे लागत नाहीत.

या मैदानाने हे एकदा मोठ्या प्रमाणावर दाखवूनही दिले आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी झालेल्या बिहार-नेपाळ भूकंपानंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उत्तर बिहारात सीतामढी, मधुबनी, पूर्णिया या बाजूंनी गेलेला सुमारे तीनशे किलोमीटर लांबीचा एक पट्टा नकाशावर आखला, ज्यात जमीन खचली होती, घरे कलून जमिनीत रुतली होती, विहिरी वाळूने भरल्या होत्या, शेतांवर वाळूचे थर पसरले होते आणि रस्त्यांचे व रेल्वेचे उंच भराव खाली बसले होते. त्या पाहणीचा सविस्तर वृत्तांत संस्थेने १९३९मध्ये प्रसिद्ध केला. द्रवीभवनाचे शास्त्र तेव्हा बाल्यावस्थेतही नव्हते, तरी त्यातील निरीक्षणे आजही प्रमाण मानली जातात. क्षेत्रपाहणी नीट केलेली असली की सिद्धांत मागाहून आला तरी चालतो, याचा हा चांगला दाखला आहे.

लखनौ या पट्ट्यात नव्हते, आणि देशाच्या भूकंपनकाशात ते मध्यम धोक्याच्या तिसऱ्या क्षेत्रात मोडते. तरी हिमालयाचा पायथा शहरापासून सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे, आणि १९०५चा कांगडा भूकंप व १९३४चा बिहार-नेपाळ भूकंप यांच्या दरम्यानच्या मध्य हिमालयात बराच ताण साठून राहिला आहे असे अनेक संशोधक मानतात. दूरच्या मोठ्या भूकंपाची लाट जाड गाळात शिरली की तिचा हादरा वाढतो आणि लांबतोही. द्रवीभवनाच्या दृष्टीने हा लांबलेला हादरा विशेष घातक असतो, कारण रंध्रदाब एका धक्क्याने नव्हे तर हेलकाव्यांच्या संख्येने चढतो.

मातीच्या धरणाच्या बाबतीत सर्वांत बारकाईने अभ्यासलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. लॉस एंजेलिसजवळचे लोअर सॅन फर्नांडो धरण विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जलभराव पद्धतीने, म्हणजे पाण्यात कालवलेली माती पाटांतून सोडून तिला जागेवर निवळू देऊन, बांधले गेले होते. असा भराव रोलरने कधी दाबला जात नाही, त्यामुळे त्यातली वाळू सैलच राहते. ९ फेब्रुवारी १९७१च्या पहाटे ६.६ तीव्रतेच्या भूकंपात या धरणाचा जलाशयाकडचा उतार माथ्यासकट पाण्यात घसरला. जलाशय त्या वेळी माथ्यापासून सुमारे अकरा मीटर खाली होता म्हणून पाणी थोपले. घसरणीनंतर उरलेल्या फुटक्या कडेत आणि पाण्याच्या पातळीत जेमतेम दीड मीटर अंतर होते, आणि खालच्या बाजूच्या सुमारे ऐंशी हजार लोकांना घरे सोडावी लागली. हॅरी बोल्टन सीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे केलेल्या तपासात एक अनपेक्षित गोष्ट निघाली: धरणावरच्या यंत्रांच्या नोंदीनुसार मुख्य घसरण जोराचा हादरा थांबल्यानंतर सुमारे अर्ध्या मिनिटाने सुरू झाली होती. म्हणजे धरण भूकंपाच्या धक्क्याने ढकलले गेले नव्हते. द्रवीभूत झालेल्या गाभ्यालगतच्या वाळूला धरणाचे स्वतःचे वजन पेलवेनासे झाले होते. हादरा सोसून उभे दिसणारे मातीकाम सुरक्षित आहे असे लगेच म्हणता येत नाही, ही त्या तपासाची शिकवण आजही प्रत्येक मूल्यमापनाच्या मुळाशी आहे.

भारतात याचा प्रत्यय २६ जानेवारी २००१च्या भुज भूकंपात आला. कच्छमधील चांग, शिवलखा, टप्पर, फतेहगढ, कासवती, सुवी, रुद्रमाता अशा अनेक मातीच्या धरणांना लहानमोठ्या भेगा गेल्या, उतार सरकले, माथे खचले, आणि चांग धरण तर जवळजवळ सपाट झाले. दुष्काळामुळे जलाशयांत पाणी फार थोडे होते म्हणून पूर आला नाही. जलाशय बहुतांशी कोरडे असतानाही जलाशयाकडच्या उताराच्या टाचेखालचा नदीचा गाळ पाण्याने भरलेला होता आणि धरणांचा घात त्याने केला. भराव चांगला दाबलेला आहे की नाही एवढेच पाहून थांबणाऱ्यांनी या धरणांची छायाचित्रे जरूर पाहावीत. दोष बहुधा भरावात नव्हे, पायात असतो.

लखनौच्या बांधांशी अधिक जवळचे साम्य मात्र जपानच्या योदो नदीचे आहे. १७ जानेवारी १९९५च्या कोबे भूकंपात ओसाका शहरातील या नदीचा तोरिशिमा येथील बांध जवळजवळ दोन किलोमीटर लांबीत, काही ठिकाणी तीन मीटरपर्यंत, खाली बसला, कारण त्याच्या खालच्या वाळूचे द्रवीभवन झाले होते. जानेवारीत नदी उतरलेली असते म्हणून पाणी शहरात शिरले नाही.

हा धोका मोजतात कसा? पहिले काम भूगर्भाचा उभा छेद मिळवण्याचे असते, आणि त्यासाठी भारतात सर्वाधिक वापर प्रमाण भेदन चाचणीचा, अभियंत्यांच्या बोलीत एसपीटीचा, होतो. बोअर घेत खाली जाताना ठरावीक खोलीवर एक पोकळ नमुनानळी ठेवून तिच्यावर ६३.५ किलोग्रॅमचा हातोडा ७५ सेंटीमीटर उंचीवरून पुन्हा पुन्हा सोडतात. नळी पहिले १५ सेंटीमीटर शिरेपर्यंतचे ठोके सोडून देऊन पुढच्या ३० सेंटीमीटरसाठी लागलेले ठोके मोजतात. ठोके जितके कमी, तितकी वाळू सैल. हातोड्याची किती शक्ती प्रत्यक्ष नळीपर्यंत पोचली, वरचा भार किती होता, वाळूत बारीक पोयट्याचे प्रमाण किती होते, यांनुसार हा आकडा दुरुस्त करावा लागतो, आणि दुरुस्तीनंतर तो स्वच्छ वाळूसाठी तिसाच्या आसपास किंवा वर गेला तर तो थर द्रवीभूत होणार नाही असे सामान्यतः मानले जाते.

ही चाचणी वाटते तितकी निरुपद्रवी नाही. बोअरमधली पाण्याची पातळी बाहेरच्या भूजलापेक्षा खाली गेली तर तळची वाळू उसळून सैल होते आणि ठोके नाहक कमी येतात; दोर ओढणारा कामगार थकला की हातोडा पूर्ण उंचीवर जात नाही आणि ठोके उगाच वाढतात. ठेकेदाराच्या अहवालात एकाच खोलीवर सगळीकडे सारखेच ठोके दिसू लागले की जाणत्या अभियंत्याने गाळाचे कौतुक करण्याऐवजी त्या नोंदवहीविषयी शंका घ्यावी. याच कारणाने महत्त्वाच्या कामांसाठी शंकुभेदन चाचणी अधिक भरवशाची मानतात, कारण तीत दहा चौरस सेंटीमीटर छेदाचा पोलादी शंकू सेकंदाला दोन सेंटीमीटर या एकसारख्या वेगाने आत दाबला जातो आणि प्रतिकाराची सलग नोंद मिळते, त्यामुळे दोन एसपीटींच्या मधे लपलेला हातभर जाडीचा सैल थरही निसटत नाही.

यानंतर तुलना येते: भूकंप थरावर किती आघात करील आणि थर किती सोसू शकेल. सीड आणि आय. एम. इद्रिस यांनी १९७१मध्ये मांडलेली यासाठीची सोपी पद्धत, पुढच्या दुरुस्त्यांसह, भारतीय मानक १८९३च्या पहिल्या भागाच्या २०१६च्या आवृत्तीत परिशिष्ट म्हणून दिली आहे. तिचे गणित नमुन्यादाखल करून पाहता येते. समजा, तिसऱ्या भूकंपक्षेत्रात नदीकाठच्या सपाट जमिनीत सहा मीटर खोलीवर वाळूचा थर आहे, भूजल दोन मीटरवर आहे आणि जमिनीचा हादरा गुरुत्वत्वरणाच्या ०.१६ पट आहे. त्या खोलीवर वरच्या मातीचा एकूण भार दर चौरस मीटरला सुमारे ११.२ टन भरतो, चार मीटर पाण्याच्या स्तंभाचा रंध्रदाब ४ टन असतो, म्हणजे कणांच्या वाट्याला ७.२ टन उरतात. हादऱ्याचे प्रमाण, एकूण व परिणामी भारांचे गुणोत्तर, खोलीनुसार हादरा थोडा कमी होतो त्यासाठीचा गुणक आणि अनियमित हेलकाव्यांच्या सरासरीसाठीचा ०.६५ हा गुणक यांचा गुणाकार केला की आघाताचे गुणोत्तर सुमारे ०.१५ येते. आता साडेसात तीव्रतेच्या भूकंपासाठी, दुरुस्त ठोके १० असलेली स्वच्छ वाळू सुमारे ०.११ सोसू शकते, १५ ठोक्यांची सुमारे ०.१६ आणि २० ठोक्यांची सुमारे ०.२१. म्हणजे पहिली द्रवीभूत होईल, दुसरी कशीबशी काठावर राहील आणि तिसरी निभावून नेईल.

या उदाहरणात एकच बदल करून भूजल दोनऐवजी पाच मीटरवर नेले, तर आघाताचे गुणोत्तर सुमारे ०.११पर्यंत उतरते आणि दहा ठोक्यांची तीच वाळू जेमतेम तगते. लखनौत बेसुमार उपशामुळे भूजल अनेक भागांत खोल गेले आहे. पाणीपुरवठ्याच्या दृष्टीने चिंतेची असलेली ही गोष्ट द्रवीभवनाच्या दृष्टीने, अनपेक्षितपणे, थोडी दिलासा देणारी ठरते. पण शहराच्या सरासरी भूजलपातळीवरून नदीकाठच्या बांधाचा हिशेब मांडणे चूक आहे, कारण बांधाच्या टाचेशी पाणी नदीच्या पातळीबरोबर चढते, आणि जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत ते जमिनीलगत आलेले असू शकते. मूल्यमापनासाठी उन्हाळ्यात मोजलेली पातळी वापरणाऱ्याला बांध सुरक्षित असल्याचे उत्तर फार सहज मिळते.

लखनौ शहरापुरता असा अभ्यास झालेला आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभिषेक कुमार, पी. अनबळगन आणि टी. जी. सीताराम यांनी बोअर आणि भूलहरींच्या चाचण्यांच्या आधारे शहराचा द्रवीभवन-नकाशा तयार केला आणि तो २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शहराचा उत्तर, पश्चिम आणि मध्य भाग अधिक धोक्याचा व दक्षिण भाग तुलनेने कमी धोक्याचा दिसतो. गोमती शहराच्या मध्यातून वाहते आणि अलीगंज तिच्या उत्तरेला आहे, तेव्हा या निष्कर्षाचा या वस्त्यांशी असलेला संबंध वेगळा सांगायला नको.

तरीही शहराचा नकाशा आणि बांधाचे मूल्यमापन या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि बहुतेक गफलती याच सांध्यावर होतात. सोपी पद्धत मूळची सपाट जमिनीसाठी आहे. मोठ्या मातीकामाखाली परिस्थिती जागोजागी बदलते: माथ्याच्या बरोबर खाली वाळू भरावाच्या वजनाने घट्ट दाबलेली असते, तर टाचेशी, जिथे भराव संपतो, तिच्यावर वजन थोडे असते आणि शिवाय उतारामुळे भूकंपापूर्वीपासूनच तिला बाहेर ढकलू पाहणारा एक ताण असतो. सैल वाळूत हा आधीचा ताण घातक ठरतो. यासाठी वेगळे गुणक लावावे लागतात, आणि मुख्य म्हणजे बोअर टाचेशीही घ्यावे लागतात. बांधाच्या माथ्यावरच्या डांबरी रस्त्यावर यंत्र उभे करणे सोयीचे असते म्हणून सारे बोअर माथ्यावरूनच घेतले जात असतील तर कमकुवत थर दिसणारच नाही.

दुसरी अडचण लांबीची आहे. धरण एका ठिकाणी असते, त्याचा पाया उघडून पाहिलेला असतो. बांध कित्येक किलोमीटर जातो आणि त्याची सुरक्षितता त्याच्या सर्वांत कमजोर पन्नास मीटरवर ठरते. गोमतीसारख्या वळणावळणाच्या नदीने पूर्वी सोडून दिलेली पात्रे वाळूने भरून बुजलेली असतात आणि नंतर घातलेला बांध त्यांना आडवा ओलांडून जातो. अर्ध्या किलोमीटरवर एक बोअर घेतला तर असे पात्र दोन बोअरांच्या मधे सहज सुटते. म्हणून जुने सर्वेक्षण नकाशे, उपग्रहचित्रे आणि नदीच्या बदलत गेलेल्या वळणांचा अभ्यास हे काम बोअर यंत्र आणण्याच्या आधीचे आहे.

थर द्रवीभूत होईल असे ठरल्यावर खरा प्रश्न पुढे येतो, तो म्हणजे मग बांधाचे काय होईल. द्रवीभूत वाळूची ताकद अगदी शून्य होत नाही, थोडी उरते. ही उरलेली ताकद प्रयोगशाळेत मोजणे फार कठीण असल्याने सॅन फर्नांडोसारख्या प्रत्यक्ष घसरणींचे उलट गणित मांडून ती ठरवतात. त्या ताकदीनिशी बांध स्वतःच्या वजनाखाली उभा राहत असेल तर तो थोडाबहुत खचतो, त्याला लांबीच्या दिशेने भेगा पडतात, पण त्याचे बांधपण टिकते. राहत नसेल तर तो वाहून पसरतो. पूरबांधासाठी याला आणखी एक हिशेब जोडावा लागतो. मोठा पूर आणि मोठा भूकंप एकाच दिवशी येणे फार दुर्मीळ आहे, आणि या आधारावर पूरबांधांचा भूकंपविचार पुष्कळदा बाजूला ठेवला जातो. तोरिशिमाने दाखवलेली गोष्ट वेगळी आहे: भूकंप कोरड्या ऋतूत झाला तरी खचलेला, भेगाळलेला बांध पुढच्या पुराआधी दुरुस्त व्हावा लागतो. एप्रिल-मे महिन्यात उत्तर भारतात मोठा भूकंप झाला तर पावसाळ्यापर्यंत हाती काही आठवडेच असतील, आणि त्याच काळात यंत्रणा ढिगारे उपसण्यात गुंतलेली असेल.

महाराष्ट्राचा विचार केला तर बहुतेक मातीची धरणे दख्खनच्या कातळावर किंवा कठीण मुरमावर बसलेली आणि चिकणमातीच्या गाभ्याची आहेत, त्यामुळे द्रवीभवन हा त्यांचा पहिला शत्रू नव्हे. तापी-पूर्णेच्या खोऱ्यातला शेकडो मीटर जाडीचा गाळ, कोकणातले खारभूमीचे बांध, मुंबईतील भराव टाकून केलेली जमीन आणि विदर्भातल्या वीजकेंद्रांचे राखतलाव ही मात्र वेगळी प्रकरणे आहेत. राखतलावातील राख पाण्याबरोबर वाहत येऊन बसते, ती बारीक, बिनचिकट, सैल आणि संपृक्त असते, आणि तिच्यावरच पुढचा बांध चढवला जातो. द्रवीभवनाला लागणाऱ्या साऱ्या अटी माणसाने एकाच ठिकाणी जमवल्या आहेत. त्यासाठी भूकंपच लागतो असेही नाही. ब्राझीलमधील ब्रुमाडिन्यो येथे २५ जानेवारी २०१९ रोजी लोहखनिजाच्या गाळाचा बांध कोणत्याही भूकंपाशिवाय द्रवीभूत होऊन फुटला आणि २७० माणसे मेली.

उपाय गूढ नाहीत. सैल थर उकरून काढणे, कंपकांनी घट्ट करणे, खडीचे स्तंभ घालून त्याला दाबही देणे आणि पाण्याला वाटही देणे, किंवा टाचेशी मातीचा रुंद आधारभराव टाकून वजन वाढवणे, यांतले काही ना काही प्रत्येक ठिकाणी करता येते. शहरातून जाणाऱ्या बांधाला शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त पडतो, फक्त त्यासाठी टाचेशी मोकळी जागा लागते, आणि बांधाला खेटून बांधकामे झाली की तीच उरत नाही.

धरणांच्या बाबतीत असे मूल्यमापन करून घेण्याची कायदेशीर चौकट २०२१च्या धरण सुरक्षा कायद्याने देशात आणली. त्या कायद्यातील धरणाच्या व्याख्येतून पूरबांध, कालवे आणि मार्गदर्शक बांध स्पष्ट शब्दांत वगळले आहेत. म्हणजे डोंगरातल्या पंधरा मीटरहून उंच धरणाची तपासणी नियमाने होईल, पण ज्याच्या आड लखनौची गोमतीपारची वस्ती राहते त्या बांधाला तो नियम लागू नाही. कायदा बदलेपर्यंत थांबण्याचे काही कारण नाही: गोमती आणि कुकरैल यांच्या बांधांवर पुढचे कोणतेही रुंदीकरणाचे काम निघेल तेव्हा त्याच्या अंदाजपत्रकात दोन्ही टाचांशी शंकुभेदन चाचण्या घेण्याचा खर्च धरावा, पावसाळ्यातली भूजलपातळी नोंदवावी आणि निष्कर्ष नागरिकांना वाचता येतील असे प्रसिद्ध करावेत. हे निष्कर्ष तपासून पाहू शकणारे भूवैज्ञानिक अलीगंजमध्येच बसतात.